सोलापूरच्या हवेत हिरवळ वर्षभर कशी राखावी: नवख्यांसाठी मार्गदर्शन

सोलापुरात घरापुढे हिरवळ लावायची ठरली की बहुतेक जण आधी टेप घेऊन अंगण मोजायला लागतात. त्याआधी पाणी मोजावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. आपला जिल्हा पर्जन्यछायेत येतो. वर्षाचा पाऊस साधारण ५५० ते ७०० मिलिमीटरच्या दरम्यान, तोही लहरी. त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात पडतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर दिवसेंदिवस मुक्काम ठोकून असतो. अशा हवेत हिरवळ तगते, चांगली तगते, पण ती किती मोठी असावी हे वैशाखात हाताशी असलेल्या पाण्यावरून ठरले तरच. जुलैतल्या उत्साहात आखलेली मोठी हिरवळ मे महिन्यात निम्मी जळून जाते. तेवढ्याच कष्टात राखलेला लहान तुकडा बारा महिने डोळ्यांना गारवा देतो.

पायरी पहिली: पाण्याचा हिशोब

हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. ऐन उन्हाळ्यात आपल्याकडे उन्हाळी जातीच्या गवताला हिरवे राहण्यासाठी दिवसाला सुमारे ५ ते ६ मिलिमीटर पाणी लागते. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजेच सुमारे १०१ चौरस मीटर. याचा अर्थ गुंठाभर हिरवळ मे महिन्यात रोज ५०० ते ६०० लिटर, आठवड्याला साडेतीन ते चार हजार लिटर पाणी पिते. जुळे सोलापूर किंवा विजापूर रस्त्याकडच्या नव्या वसाहतींतील बंगल्यापुढे साधारण ३०० चौरस फूट मोकळी जागा असेल, तर तिला दिवसाला दीडशे-पावणेदोनशे लिटर पुरतात. आपल्या बोअरला मे महिन्यात किती पाणी असते, घरखर्च भागवून त्यातले किती उरते, हे कागदावर लिहून काढावे आणि हिरवळीचे माप त्यावरून ठरवावे. उरलेल्या जागेत शहाबादी फरशी, मुरमाची पायवाट, किंवा कण्हेर, बोगनवेल, तगर यांसारखी कमी पाण्यावर जगणारी झाडे शोभून दिसतात.

नळाला काही दिवसांआड येणारे उजनीचे पाणी पिण्यासाठी आहे. ते टाकीत साठवून हिरवळीवर सोडणे मला पटत नाही आणि या लेखातील कोणताही सल्ला त्यावर अवलंबून नाही. पर्याय उरतो तो बोअरच्या पाण्याचा. आपल्याकडचे बोअरचे पाणी अनेक ठिकाणी जड आणि क्षारयुक्त असते, म्हणून हिरवळ लावण्याआधी त्याची तपासणी करून घ्यावी. बादलीच्या काठावर पांढरा थर बसत असेल, मातीवर उन्हाळ्यात पांढरी बुरशीसारखी पापुद्री येत असेल, तर क्षार जास्त आहेत हे तपासणीआधीच ओळखता येते. पाणी शुद्ध करण्याच्या घरगुती यंत्रातून बाहेर पडणारे वाया जाणारे पाणी हिरवळीला घालू नये, कारण त्यात मूळ पाण्यातलेच क्षार अधिक घट्ट होऊन आलेले असतात. कपडे धुतल्याचे साबणाचे पाणीही टाळावे. त्यातील सोडियममुळे काळी माती चिकट होते आणि पाणी आत जिरू देत नाही. आंघोळीचे पाणी मात्र, साबण बेताचा असेल तर, साध्या पाण्याच्या आडपाळीने वापरायला हरकत नाही.

पायरी दुसरी: गवताची निवड

रोपवाटिकेत गेल्यावर तीन-चार नावे कानावर पडतात. सिलेक्शन नंबर वन हे हराळीच्या कुळातील बारीक पानाचे गवत आहे. आपल्या उन्हाला ते सर्वांत योग्य, कारण त्याची जमिनीखालची खोडे खोल जातात आणि वरचे पान वाळले तरी तिथून पुन्हा फुटवा येतो. त्याची अट एकच: दिवसाला किमान सहा तास थेट ऊन. मेक्सिकन आणि कोरियन या नावांनी मिळणारी गवते दाट, गादीसारखी मऊ असतात आणि कापणी कमी मागतात, पण ती सावकाश पसरतात, जखम झाली की भरायला महिने घेतात आणि उन्हाळ्यात पाण्याच्या बाबतीत हट्टी असतात. क्षाराचे पाणी असेल तर पॅस्पॅलम या जातीचा विचार करावा; ती क्षार चांगले सोसते. कडुनिंबाच्या विरळ सावलीत रुंद पानाचे बफेलो गवत धरते. दाट सावलीत मात्र कोणतेच गवत लावू नये. तिथे दरवर्षी नवा गालिचा आणून टाकणारे लोक मी पाहिले आहेत आणि दरवर्षी तो दिवाळीपर्यंत विरतो.

शेतकरी घरातल्या माणसाला हराळी मुद्दाम लावायची ही कल्पना विचित्र वाटेल. ज्या हराळीपायी नांगरट खोल करावी लागते, काशा म्हणजे तिची जमिनीखालची खोडे वेचून बांधावर टाकावी लागतात, तीच आपण अंगणात पैसे देऊन आणतो. तिचा जो चिवटपणा शेतात नकोसा होतो, तोच इथे आपल्याला हवा असतो. साध्या दुर्वांचीसुद्धा चांगली हिरवळ होते. ती जरा भरड दिसते, पण पाण्याची ओढ असलेल्या घराने तिला कमी लेखू नये.

पायरी तिसरी: जमीन तयार करणे

आपली काळी माती पाणी धरून ठेवते हा तिचा मोठा गुण. पण ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते आणि ओलीवर चालले तर दगडासारखी आवळून बसते. म्हणून तयारी उन्हाळ्यातच, माती कोरडी असताना करावी. एप्रिलमध्ये सहा ते आठ इंच खोल खणून ढेकळे उन्हात तापू द्यावीत. नव्या बांधकामाच्या जागी याच वेळी विटांचे तुकडे, वाळलेले सिमेंट, चुना आणि खिळे वेचून काढावेत. पुढे हिरवळीत एकाच ठिकाणी कायम पिवळा डाग राहतो, त्याखाली बहुतेक वेळा असा राडारोडा सापडतो. हराळीच्या जुन्या काशा, कुंद्याची मुळे आणि लव्हाळ्याच्या गाठी हाताने वेचाव्यात.

काळी माती हलकी करण्यासाठी तीत चार टोपली वाळू मिसळण्याची पद्धत सर्रास आहे. तिचा उपयोग होत नाही. थोडी वाळू चिकण कणांत रुतून बसते आणि माती आणखी घट्ट होते. त्यापेक्षा खणलेल्या जमिनीवर पोयटा म्हणजे गाळाची माती, जाड वाळू किंवा धुतलेली क्रश सँड आणि पूर्ण कुजलेले शेणखत यांच्या मिश्रणाचा तीन-चार इंचांचा थर द्यावा आणि त्याचा तळाचा इंचभर भाग खालच्या काळ्या मातीत कुदळीने एकजीव करावा. हे मिसळणे महत्त्वाचे आहे. दोन वेगळ्या मातींमध्ये स्वच्छ रेघ राहिली, तर पाणी आणि मुळे दोन्ही त्या रेघेपाशी अडतात. शेणखत गुंठ्याला अडीचशे ते तीनशे किलो पुरे. ते काळे, भुसभुशीत आणि वास नसलेले असावे. कच्च्या खतातून हुमणी, वाळवी आणि तणाचे बी एकाच पाटीतून घरात येते.

जमिनीला घरापासून बाहेरच्या बाजूला दहा फुटांना इंच-सव्वा इंच उतार ठेवावा. सप्टेंबरात एका रात्रीत जोराचा पाऊस कोसळतो तेव्हा हाच उतार हिरवळ वाचवतो. माती परीक्षण शक्य असेल तर जरूर करावे. जिल्हा मृदा चाचणी प्रयोगशाळेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात ते होते. जिप्सम घालायचे की नाही आणि किती, हे त्या अहवालावरूनच ठरवावे, शेजाऱ्याने घातले म्हणून घालू नये.

यानंतर एक काम बहुतेक जण घाईत गाळतात. तयार जमिनीला दोनदा भरपूर पाणी द्यावे आणि आठ-दहा दिवस थांबावे. मातीतले तण उगवून वर येते. ते खुरप्याने काढावे, पुन्हा पाणी द्यावे, पुन्हा काढावे. या तीन आठवड्यांनी पुढच्या तीन वर्षांची खुरपणी कमी होते. मे महिन्यात हाताशी वेळ असेल तर ओल्या जमिनीवर पारदर्शक प्लास्टिक घट्ट ताणून, कडा मातीत पुरून, चार ते सहा आठवडे ठेवावे. आपल्या उन्हाचा एवढा चांगला उपयोग दुसरा नाही. वरच्या थरातील पुष्कळसे बी आणि काही बुरशी त्या तापमानाने मरतात.

पायरी चौथी: लागवड

पाऊस स्थिरावल्यावर, म्हणजे जुलैचा मध्य ते ऑगस्ट, ही लागवडीची उत्तम वेळ. मृगाच्या पहिल्या सरीवर विसंबून जूनमध्ये घाई करू नये, कारण त्यानंतर पंधरा-वीस दिवसांची उघडीप आपल्याकडे नवी नाही. पाण्याची पक्की सोय असेल तर फेब्रुवारीही चालतो.

काड्या लावायच्या असतील तर तीन-चार इंच अंतरावर, निम्मी काडी मातीत आणि निम्मी वर अशा रीतीने लावून माती हाताने दाबावी. पावसाळ्यात सहा ते आठ आठवड्यांत जमीन झाकली जाते. तयार गालिचाच्या लाद्या टाकायच्या असतील तर त्या विटांच्या बांधकामासारखे सांधे चुकवून, एकमेकींना घट्ट भिडवून बसवाव्यात. या लाद्या अनेकदा तांबड्या मातीत वाढवलेल्या असतात. लादीखालची तांबडी माती जाड असेल तर बसवण्याआधी ती थोडी खरवडून काढावी, म्हणजे मुळे लवकर खालच्या मातीत उतरतात. लादी विकत घेताना ती उलटी करून पाहावी. काळपट तपकिरी, हरभऱ्याएवढ्या टणक गाठी दिसल्या तर तो लव्हाळा आहे. तो माल कितीही स्वस्त असला तरी परत करावा. बसवल्यावर सांध्यांत वाळू-खताचे मिश्रण भरावे, हलका रूळ फिरवावा आणि लादीखालची माती भिजेपर्यंत पाणी द्यावे. दहा-बारा दिवसांनी कोपरा हलकेच ओढून पाहावा. तो उचलला गेला नाही तर मुळे धरली आहेत असे समजून पाण्याच्या पाळ्या कमी करायला लागावे.

पायरी पाचवी: पाणी देण्याची रीत

हिरवळ पाण्याअभावी जितकी बिघडते तितकीच रोज थोडे थोडे शिंपडल्यामुळेही बिघडते. रोज संध्याकाळी पाइप हातात धरून पाच मिनिटे पाणी उडवले की वरची अर्धा इंच माती ओली होते, मुळे त्या अर्ध्या इंचातच राहतात आणि एप्रिलच्या पहिल्या कडक उन्हात सगळे गवत एकदम मान टाकते. पाणी पाच-सहा इंच खोल जावे असे द्यावे आणि मग गवताने मागेपर्यंत थांबावे.

गवत पाणी मागते ते असे. सकाळी हिरवळीवरून चालत जावे आणि मागे वळून पाहावे. पायाखाली दबलेले पान लगेच उभे राहिले, तर पाण्याची गरज नाही. पावलांचे ठसे मिनिटभर तसेच दिसत राहिले, पान लांबीत दुमडलेले आणि रंग हिरव्याऐवजी निळसर राखी वाटला, तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी द्यावे. जमिनीत ओल किती आहे हे लांब स्क्रू-ड्रायव्हर खुपसून कळते. ओल्या मातीत तो सहज जातो आणि जिथे अडतो तिथे कोरडी माती सुरू होते.

स्प्रिंकलर किती पाणी टाकतो हे मोजण्यासाठी घरातल्या सपाट बुडाच्या, उभ्या काठाच्या चार-पाच वाट्या हिरवळीवर निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात, वीस मिनिटे स्प्रिंकलर चालवावा आणि पट्टीने प्रत्येक वाटीतील पाणी मोजावे. सरासरी पाच मिलिमीटर आले तर वीस मिलिमीटर पाणी देण्यासाठी ऐंशी मिनिटे लागतील हे उघड आहे. वाट्यांमध्ये फार फरक दिसला तर एका भागाला पाणी पोहोचतच नाही, आणि तिथला पिवळेपणा खताने जाणार नाही. काळ्या मातीत पाणी सावकाश जिरते, म्हणून ते दोन हप्त्यांत द्यावे: निम्मे पाणी, तासभर विश्रांती, मग उरलेले निम्मे. वेळ पहाटेची. दुपारचे पाणी उडून जाते आणि दमट दिवसांत रात्रीचे पाणी पानावर राहून बुरशीला बोलावते.

साधारण मान असे धरावे: एप्रिल-मे महिन्यांत तिसऱ्या-चौथ्या दिवशी, फेब्रुवारी-मार्चमध्ये पाच-सहा दिवसांनी, डिसेंबर-जानेवारीत दहा-बारा दिवसांनी, पावसाळ्यात फक्त उघडीप लांबली तर. यातला प्रत्येक आकडा पावलांच्या ठशांपुढे दुय्यम आहे. क्षाराचे पाणी वापरणाऱ्यांनी उन्हाळ्यात महिन्यातून एकदा नेहमीपेक्षा दीडपट पाणी द्यावे, म्हणजे साठलेले क्षार मुळांच्या खाली ढकलले जातात. पुढे सप्टेंबरचा पाऊस ती धुलाई पूर्ण करतो.

पायरी सहावी: कापणी

एका वेळी पानाच्या उंचीच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये, हा एकच नियम पाळला तरी हिरवळ निम्मी सुधारते. सिलेक्शन नंबर वन एक ते दीड इंचावर ठेवावे, म्हणजे सव्वादोन इंच होताच कापून दीडवर आणावे. बफेलो गवत दोन ते तीन इंचांवरच शोभते. गुढीपाडव्याच्या सुमारास कापणीची उंची अर्ध्या इंचाने वाढवावी. उंच पान स्वतःच्या बुंध्यावर सावली धरते आणि जमीन कमी तापते. ‘एकदा मुळापासून कापा, महिनाभर कटकट नाही’ असा सल्ला काही माळी देतात. तो पावसाळ्यात गवत सोसते, उन्हाळ्यात त्याच आठवड्यात मरते.

पावसाळ्यात पाच ते सात दिवसांनी, हिवाळ्यात दोन-तीन आठवड्यांनी कापणी पुरते. पाते धारदार असावे. कापणीनंतर दुसऱ्या दिवशी खाली वाकून पानाचे टोक पाहावे: सरळ, स्वच्छ कापलेले टोक हिरवेच राहते, बोथट पात्याने फाटलेले टोक पांढुरके, तंतुमय दिसते आणि सगळी हिरवळ दुरून धुरकट वाटते. कापलेले बारीक गवत तिथेच राहू द्यावे, ते कुजून खत होते. पावसाळ्यातल्या ओल्या पुंजक्यांना मात्र दाताळ्याने ओढून खतखड्ड्यात टाकावे. ओल्या काळ्या मातीवर यंत्र अजिबात फिरवू नये. शेतात जसे वाफसा आल्याशिवाय औत धरत नाहीत, तसे इथेही वाफशाची, म्हणजे माती ओलसर पण न चिकटणारी होण्याची, वाट पाहावी.

पायरी सातवी: खत

खताच्या बाबतीत नवखे लोक हात सैल सोडतात. गुंठ्याला एका वेळी एक किलो युरिया ही कमाल मर्यादा समजावी, आणि तोही अर्धा-अर्धा किलो करून पंधरा दिवसांच्या अंतराने दिला तर अधिक चांगले. पान कोरडे असताना वाळूत मिसळून सारखा फेकावा आणि लगेच पाणी द्यावे. चुनखडीच्या जमिनीवर युरिया उघडा पडून राहिला तर त्यातील नत्र वायू होऊन उडून जाते. आपल्या विम्लधर्मी (अल्कधर्मी) मातीसाठी अमोनियम सल्फेट अधिक योग्य. त्यात नत्र युरियाच्या निम्म्याहून कमी असते, म्हणून त्याची मात्रा गुंठ्याला दोन-सव्वादोन किलो धरावी. जूनअखेर, ऑगस्ट, ऑक्टोबरचा आरंभ आणि फेब्रुवारी अशा चार वेळा पुरतात. मे महिन्यात आणि सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, म्हणजे संक्रांतीच्या आगेमागे, नत्र देऊ नये. पहिल्या वेळी गवत उन्हाशी झुंजत असते आणि दुसऱ्या वेळी थंडीने झोपेला आलेले असते.

नवी पाने पिवळी, पण शिरा हिरव्या, असे दिसले तर ती बहुधा लोहाची कमतरता असते. चुनखडीमुळे मातीतले लोह गवताला मिळत नाही, आणि युरिया टाकल्याने हा पिवळेपणा हटत नाही. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम फेरस सल्फेट म्हणजे हिराकस आणि एक-दोन ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारावे. फवारा फरशीवर उडू देऊ नये. तांबूस डाग पडतात आणि ते निघत नाहीत.

वर्षातून एकदा, फेब्रुवारीत किंवा पावसाळ्याच्या तोंडावर, जमीन वाफशावर असताना खणायच्या काट्याने सहा-सहा इंचांवर तीन-चार इंच खोल भोके पाडावीत आणि वाळू, पोयटा, गांडूळखत यांचे चाळलेले मिश्रण पाव इंच जाडीने पसरून झाडूने भोकांत उतरवावे. गवताच्या टोकांवर मिश्रण दिसत राहिले तर ते जास्त झाले. उन्हाळ्यात पडलेल्या भेगाही याच मिश्रणाने भराव्यात.

तण आणि कीड

हिरवळीचा खरा शत्रू लव्हाळा. वरून तो गवतासारखा दिसतो, पण बोटांत फिरवला की दांडा तिधारी लागतो आणि पानाला तेलकट चमक असते. पान उपटले की जमिनीतली गाठ तशीच राहते आणि आठवड्यात दुप्पट जोमाने वर येते. माती ओली करून अरुंद खुरप्याने चार-सहा इंच खोल जाऊन गाठ काढावी आणि त्या जागी पंधरा दिवसांनी पुन्हा नजर टाकावी, कारण गाठी माळेसारख्या एकमेकींना जोडलेल्या असतात. उसासाठी लव्हाळ्यावरचे तणनाशक बाजारात मिळते, पण घरगुती हिरवळीवर ते वापरण्यापूर्वी कृषी अधिकाऱ्याचा सल्ला घ्यावा. रुंद पानाच्या तणांसाठी टू-फोर-डी हे तणनाशक सुचवले जाते. त्याचा उडालेला अंश द्राक्षवेलीला किती बाधतो हे आपल्या भागातील बागायतदारांना ठाऊक आहे. टोमॅटो, जास्वंद आणि शेजारच्या वेलींनाही तो बाधतो. घराच्या अंगणात मी त्याची शिफारस करणार नाही. घोळ, केना, दुधी ही तणे बी धरण्याआधी हाताने निघतात. गाजरगवत दिसताच फुलोऱ्यापूर्वी हातमोजे घालून उपटावे.

किडींमध्ये हुमणी सर्वांत घातक. ऊस पट्ट्यातील वाचकांना ती परिचित आहे. वळवाच्या आणि मृगाच्या पहिल्या पावसानंतर तिचे तपकिरी भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघून कडुनिंब आणि बाभळीवर जमतात, पाने खातात आणि मग मातीत अंडी घालतात. अंगणाजवळ कडुनिंब असेल तर त्या आठवड्यात अंधार पडल्यावर फांदी हलवून खाली पडलेले भुंगेरे गोळा करून साबणाच्या किंवा रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत. चार-पाच संध्याकाळींच्या या मेहनतीने वर्षभराचा त्रास वाचतो. ऑगस्ट-सप्टेंबरात पाऊस असूनही हिरवळीत वाळके ठिपके दिसू लागले, साळुंक्या एकाच जागी टोचत राहिल्या, तर तिथे एक चौरस फुटाचा तुकडा तीन बाजूंनी कापून चादरीसारखा उलटावा. मुळे तुटलेली असतील तर तो सहज उलटतो. खाली इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या, पिवळसर डोक्याच्या पांढऱ्या अळ्या मोजाव्यात. एक-दोन असतील तर गवत सोसते. पाच-सहापेक्षा जास्त असतील तर मेटारायझियम ही उपयुक्त बुरशी कुजलेल्या शेणखतात मिसळून ओल्या जमिनीत द्यावी आणि तुकडा परत बसवून पाणी द्यावे. अळ्या लहान असतानाच तिचा गुण येतो.

वाळवी उन्हाळ्यात कोरड्या कडांवर येते. तिथे ओल राखली आणि निंबोळी पेंड घातली की बहुतेक वेळा भागते. सप्टेंबरातील सततच्या ओलीत गोल, फिकट चट्टे पडले तर ती बुरशी असते. पाणी थांबवावे, नत्र देऊ नये, आणि चट्टे वाढतच राहिले तर मँकोझेब हे बुरशीनाशक लिटरला अडीच ग्रॅम या प्रमाणात फवारावे.

हिवाळ्यातील पिवळेपणा आणि टंचाईचा उन्हाळा

नान्नजच्या माळढोक अभयारण्यातील माळरान दिवाळीनंतर पाहिले असेल, तर इथल्या गवताचा स्वभाव लक्षात येईल. ते पावसात वाढते, बी धरते आणि थंडीत सोनेरी होऊन विसावते. आपल्या हिरवळीतही डिसेंबर-जानेवारीत थोडी फिकट छटा येणारच. तिच्यावर खत आणि पाण्याचा मारा करू नये. फेब्रुवारीत रात्री उबदार होऊ लागल्या की रंग आपोआप परततो, आणि तेव्हा दाताळ्याने जुने वाळके गवत ओढून काढून पहिली मात्रा द्यावी. कडुनिंबाची पानगळही त्याच सुमारास असते. पाने रोजच्या रोज झाडून काढावीत, कारण त्यांच्या थराखाली नवा फुटवा गुदमरतो.

ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षासाठी वेगळे नियोजन लागते. सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन १९३० च्या दशकापासून चालत आले आहे आणि थोड्या ओलाव्यावर पीक जगवण्याचे शहाणपण इथल्या शेतकऱ्याकडे त्याहून जुने आहे. तेच अंगणात वापरावे. मार्चमध्येच हिरवळीचे दोन भाग मनाशी ठरवावेत. घरासमोरचा, वापरातला भाग हिरवा ठेवायचा आणि कडेचा भाग झोपू द्यायचा. झोपणाऱ्या भागाला खत बंद, कापणी बंद, चालणे बंद, आणि दोन-तीन आठवड्यांनी एकदा चार-पाच इंच ओल जाईल एवढे संरक्षित पाणी. पान पिवळे पडेल, वाळेल. हराळीच्या कुळातील गवताची जमिनीखालची खोडे मात्र जिवंत राहतात. खात्री करायची असेल तर बोटाने माती उकरून एक खोड मोडून पाहावे: आत पांढरे आणि ओलसर असेल तर ते जिवंत आहे, तपकिरी आणि ठिसूळ असेल तर गेले. मेक्सिकन किंवा कोरियन गवताला एवढी ताण देऊ नये, ते परत येईल याचा भरवसा नाही. टँकर मागवून सगळीच हिरवळ हिरवी ठेवण्याचा मोह त्या वर्षी आवरावा. गल्लीतल्या कुणाच्या तरी घरी पिण्याच्या पाण्याची वाट पाहिली जात असते.

पाऊस सुरू झाल्यावर लगेच खत टाकू नये आणि नवे गालिचेही मागवू नयेत. दोन-तीन आठवडे थांबावे. जिथे हिरवे कोंब दिसतील तो भाग स्वतः भरून येतो. महिन्याअखेर जे डाग उघडेच राहतील, तिथली माती हाताने भुसभुशीत करून हिरवळीच्या दाट भागातून तळहाताएवढे तुकडे मुळासकट काढून सहा-सहा इंचांवर बसवावेत, खड्डे खतमातीने भरावेत आणि त्यावर ऑगस्ट संपेपर्यंत कोणाला चालू देऊ नये.